राखेतल्या मुलीची गोष्ट

१८६५ सालच्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. त्यांची मुलगी मेरी सोबत होती, आणि मेरीची आया, ॲना लिबराता डिसूझा. मेरीने तिला गोष्टी सांगायला लावल्या. ॲनाने आजीकडून ऐकलेल्या सांगितल्या आणि १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. त्यातल्या एका गोष्टीत राजकन्येची रत्नजडित मोजडी डोंगरावरून घरंगळते, राजपुत्राला सापडते आणि तो मोजडीच्या धनिणीसाठी झुरू लागतो.

हरवलेली मोजडी म्हटली की सिंड्रेला आठवणारच. पण इथे राख नाही, सावत्र आई नाही, आणि राजकन्येचा प्राण गळ्यातल्या हारात आहे. नातं आहे ते मोजडीपुरतं. तसं नातं तर स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानेही दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवलंय : गरुड रोडोपिस नावाच्या बाईचं पायताण उचलून नेतो आणि इजिप्तच्या राजाच्या मांडीवर टाकतो. मला मात्र मोजडीपेक्षा ती आयाच जास्त मोलाची वाटते.

चीनमध्ये नवव्या शतकात द्वान छंगशी या लेखकाने ये-शियेनची गोष्ट लिहून ठेवली. पोरक्या ये-शियेनला सावत्र आई राबवते. पोरीने जीव लावून वाढवलेला मासा तीच सावत्र आई मारून खाते. पोर हाडं शोधून लपवून ठेवते आणि त्यांच्याकडे मागणं मागते. त्यातून तिला जत्रेसाठी वस्त्रं आणि सोन्याचे जोडे मिळतात. एक जोडा वाटेत हरवतो, विकला जातो, राजाच्या हाती पडतो. ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली, तेही द्वानने लिहिलंय : ली शियुआन, दक्षिणेकडच्या योंगचौचा माणूस, त्याच्या घरचा जुना नोकर. एका नोकराचं नाव गोष्टीसोबत अकराशे वर्षं टिकलं, याचं मला फार अप्रूप आहे.

जर्मनीत तेवढंही झालं नाही. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेली ‘आशनपुटल’, म्हणजे जर्मन सिंड्रेला, मारबुर्गच्या धर्मादाय रुग्णालयात राहणाऱ्या एका गरीब म्हातारीकडून आली. विल्हेल्म ग्रिम आधी स्वतः तिच्याकडे गेला होता, तेव्हा ती मोकळेपणाने बोलली नव्हती. तिच्या गोष्टीत परी नाही. आईच्या थडग्यावर मुलीने लावलेलं, आसवांवर वाढलेलं झाड आहे, आणि देणारं तेच.

भोपळ्याची बग्गी, परी आणि काचेची मोजडी आली ती शार्ल पेरोच्या १६९७ मधल्या पुस्तकातून. पेरो फ्रेंच अकादमीचा सदस्य, राजदरबारात वावरलेला. त्याच्या लेखणीला नजाकत आहे, वादच नाही. १९५० मध्ये डिस्नेने त्याचंच रूप उचललं, म्हणून ते घरोघरी गेलं. पण झाडाच्या जागी परी आली आणि मेलेल्या आईची माया गोष्टीतून गेली. हे नुकसान मला लहान वाटत नाही.

रंगमंचावर याच गोष्टीवरचा प्रोकोफिएव्हचा बॅले आला, १९४५ मध्ये, मॉस्कोच्या बोल्शॉयमध्ये. मला मात्र रोसिनीचा ऑपेरा जवळचा. तो २५ जानेवारी १८१७ रोजी रोममध्ये प्रथम झाला. संहिताकार फेरेत्तीने परी काढली, तिथे एक तत्त्वज्ञ आणला. सावत्र आईचा सावत्र बाप केला. मोजडीऐवजी कंकण आणलं. रंगमंचावर स्त्रीचं उघडं पाऊल नको म्हणून, असं सांगतात. जादू जवळजवळ उरलीच नाही.

आणि तरी पडदा उघडल्यावर नायिका चुलीपाशी बसून गाते : कुणा एका राजाची गोष्ट, ज्याने तिघींमधून श्रीमंती नव्हे, निर्मळ मन निवडलं. म्हणजे राबणारी मुलगी आपलीच गोष्ट आपल्या तोंडाने सांगते आहे. बहिणी तिच्यावर खेकसतात, गाणं बंद कर म्हणतात. दुसऱ्या अंकात, मेजवानीहून परतल्यावर, ती पुन्हा चुलीपाशी बसते आणि तेच गाणं पहिल्यापासून सुरू करते.