खरा व्होल्ट कोणाचा?

नारपोलीत यंत्रमागवाला आणि वीजकंपनी मीटरवरून भांडले, तर खरा व्होल्ट कोणाचा? पूर्वी उत्तर होतं वेस्टन सेल, काचेतली रासायनिक बॅटरी. तापमान बदललं, की आकडा सरकायचा. १९६२ मध्ये केंब्रिजच्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसननं गणित मांडलं: दोन अतिसंवाहकांच्या जोडावर मायक्रोवेव्ह सोडले, की व्होल्टेज पायऱ्यांनी चढतं, पायरीची उंची ठरते फक्त वारंवारतेवरून. पण ७० गिगाहर्ट्झला पायरी जेमतेम १४५ मायक्रोव्होल्टची! मग हजारो जोड एका चिपवर ओळीनं बसवले, द्रव हेलियमनं थंड केले, तेव्हा १० व्होल्ट मिळाले. १९९० पासून जगभर एकच गुणांक मानला गेला. आपल्याकडे हे मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. मीटरची शंका आली, तर तपासणीच्या उपकरणांची साखळी तिथवर पोचते का, हे जरूर विचारा.