बाथचे परसदार आणि हर्षल

प्राचीन काळापासून शनीपाशी संपणारी ग्रहांची यादी १३ मार्च १७८१ च्या रात्री वाढली, ती इंग्लंडमधील बाथ या गावी, न्यू किंग स्ट्रीटवरील १९ क्रमांकाच्या घराच्या परसात. तेथे दुर्बिणीला डोळा लावून बसलेले विल्यम हर्शेल हे मूळचे हॅनोव्हरचे, पेशाने संगीतकार आणि गावातील एका चॅपेलचे ऑर्गनवादक होते.

मोठ्या दुर्बिणी परवडत नसल्याने १७७३ च्या सुमारास त्यांनी स्वतःच परावर्तक दुर्बिणी, म्हणजे भिंगाऐवजी अंतर्गोल आरशाने प्रकाश एकवटणाऱ्या दुर्बिणी, घडवण्यास आरंभ केला. हे आरसे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे असत आणि त्यांना अखेरची झिलई देताना हात थांबवून चालत नसे. एका आरशावरून सोळा तास हात न काढलेल्या भावाला बहीण कॅरोलिन हिने घास भरवल्याचे तिच्या आठवणींत नमूद आहे. याच साधनांनी हर्शेल यांनी मंगळावरील डागांचा मागोवा घेऊन त्याच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीचा काळ सुमारे २४ तास ३९ मिनिटांचा ठरवला. आजच्या मापनाहून तो जेमतेम दोन मिनिटांनी अधिक आहे.

त्या रात्री जोडताऱ्यांची पाहणी चालू असताना वृषभ व मिथुन या राशींच्या सीमेवर त्यांना एक ठळकसा बिंदू दिसला. त्यांनी नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, बदलून वर्धन २२७ पटींवरून ४६० आणि पुढे ९३२ पटींपर्यंत नेले, तेव्हा शेजारचे तारे बिंदूवतच राहिले, पण या बिंदूची चकती वर्धनाच्या प्रमाणात मोठी होत गेली. चार रात्रींनंतर तो जागचा हललेला आढळला, म्हणून हर्शेल यांनी त्यास धूमकेतू मानले. मात्र त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असल्याचे खगोलगणिती लेक्सेल आदींच्या गणिताने दाखवले आणि शनीच्या दुप्पट अंतरावरील हा ग्रहच आहे, हे मान्य झाले. वस्तुतः इंग्लंडचे राजज्योतिषी फ्लॅमस्टीड यांनी १६९० मध्येच तो पाहून वृषभेतील तारा म्हणून नोंदवला होता. परंतु बिंदू आणि चकती यांतील भेद दाखवणारा आरसा त्यांच्यापाशी नव्हता.

हर्शेल यांनी ग्रहाला राजा तिसरा जॉर्ज याचे नाव दिले, १७८२ मध्ये त्यांना वार्षिक २०० पौंडांचे राजवेतन मिळाले आणि संगीताचा पेशा सुटला. राजाचे नाव ब्रिटिश नाविक पंचांगात १८५० पर्यंत टिकले, तर अन्यत्र खगोलशास्त्रज्ञ बोडे यांनी सुचवलेले ‘युरेनस’ रूढ झाले. मराठी पंचांगांनी व फलज्योतिषाने मात्र शोधकाचेच नाव उचलले. त्यामुळे कुंडलीच्या घरांत शनी-मंगळांच्या पंगतीला बसलेला ‘हर्षल’ हा मुळात बाथमधील एक ऑर्गनवादक आहे.