शाहीर अमर शेख : आवाज लक्षात राहिला, लेखणी मागे पडली

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा विषय निघाला की जुनी माणसं ‘माझी मैना’ या छक्कडीची आठवण काढतात आणि लगेच नाव घेतात शाहीर अमर शेख यांचं. पण ही छक्कड लिहिली अण्णाभाऊ साठे यांनी. अमर शेख यांनी ती आपल्या पहाडी आवाजात गावोगाव पोहोचवली. या एका गाण्याने त्यांना घराघरात नेलं, पण त्यांची स्वतःची कविता मात्र त्याच गाण्याच्या सावलीत राहिली. म्हणून त्यांची ही थोडक्यात ओळख.

बार्शी ते कोल्हापूर

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी, जिल्हा सोलापूर. घर गरिबीचं. आई मुनेरबी यांच्या तोंडून ऐकलेली लोकगीतं हीच त्यांची पहिली शाळा. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, मग गिरणीत कामगार झाले. संपात पुढे राहिल्यामुळे विसापूरच्या तुरुंगात जावं लागलं. तिथेच कम्युनिस्ट विचारांशी त्यांची ओळख झाली.

त्यानंतर ते आपल्या कोल्हापुरात आले आणि मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत कामाला लागले. इथल्याच मित्रांनी त्यांचं नाव ‘अमर शेख’ ठेवलं. म्हणजे ज्या नावाने अवघा महाराष्ट्र त्यांना ओळखतो, ते नाव या शहराची देणगी आहे. कोल्हापूरच्या शाहिरीत लहरी हैदर यांचंही नाव आदराने घेतलं जातं. डफ-तुणतुण्याशी आपल्या समाजाचं नातं परकं नाही, हे आपल्या मुलांना माहीत हवं.

कलापथक आणि चळवळ

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. कामगारांच्या वस्त्यांत, मैदानांत पोवाडे आणि लोकनाट्यं होऊ लागली. ‘माझी मैना’मध्ये गावाकडे राहिलेल्या बायकोचा विरह आहे आणि त्याच्याआडून बेळगाव, कारवारसारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचं दुःखही आहे. सीमाभाग जवळ असलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, पण बेळगाव बाहेरच राहिलं.

गायक ते कवी

दुसऱ्यांची गाणी गाता गाता अमर शेख स्वतः लिहीत होते. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ चं. पुढे ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे कवितासंग्रह आले. छत्रपती शिवाजी महाराज आणि उधमसिंग यांच्यावर त्यांनी पोवाडे रचले. ‘प्रपंच’ या चित्रपटात काम केलं. आचार्य अत्रे त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हणत. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी. म्हणजे अत्र्यांनी दाद दिली ती नुसत्या गळ्याला नाही, लेखणीलाही.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. त्यांची कन्या मलिका अमर शेख या मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री. वडिलांवर त्यांनी ‘सूर एका वादळाचा’ हे पुस्तक लिहिलं आहे. मुंबई विद्यापीठात अमर शेख यांच्या नावाने अध्यासनही आहे.

आपल्यासाठी

उर्दू आपल्या घरची, मराठी शाळेची आणि बाजाराची, अशी वाटणी आपल्याकडे नकळत होते. मुनेरबींच्या घरात ती नव्हती. तिथे मराठी आईच्या तोंडची भाषा होती, म्हणून त्यांचा मुलगा त्या भाषेचा शाहीर झाला. आम्ही शिक्षक आणि पालक मिळून एवढं तरी करूया : १ मे रोजी शाळेत ‘माझी मैना’ झाली की गीत अण्णाभाऊंचं, आवाज अमर शेखांचा, हे मुलांना नीट सांगूया. आणि त्यानंतर ‘कलश’मधली एक कविता मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊया.