घंटा, फिल्म आणि फीत

आमच्या पालीला बल्लाळेश्वराच्या देवळात एक युरोपीय घडणीची घंटा आहे. १७३९ साली वसई सर केल्यावर चिमाजीअप्पांनी ती देवाला वाहिली, असे सांगतात. घंटेचे एक बरे असते. पावणेतीनशे वर्षे उलटली तरी तिचा आवाज काढायला माणसाचा हात पुरतो. ती ज्याने ओतली त्याची हत्यारे कुणी जपून ठेवावी लागत नाहीत. सगळ्याच जुन्या वस्तूंचे भाग्य इतके थोर नसते. आज वाचकांपुढे मांडतो आहे तो इतिहास एका अगदी अलीकडच्या, पण घंटेच्या मानाने फार लवकर म्हातारी झालेल्या वस्तूचा आहे. ती वस्तू म्हणजे चित्रफीत.

फिल्म निराळी आणि फीत निराळी, हे आधी सांगितले पाहिजे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याचा थोडाच भाग आज उरला आहे, आणि तो उरला याचे श्रेय पी. के. नायर यांच्यासारख्या चिकाटीच्या माणसाला. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, त्यासाठी नायर गावोगाव रिळे शोधत हिंडले; फाळक्यांच्या नाशिकच्या घरातूनही त्यांनी रिळे मिळविली. जुनी नायट्रेटची फिल्म भलती ज्वालाग्राही. तरीपण एक सोय अशी की, तिचा तुकडा उजेडासमोर धरला की चित्र नुसत्या डोळ्यांना दिसते. फितीचे तसे नाही. ती कितीही उजेडात धरा, तपकिरी पट्टी ती तपकिरी पट्टीच! चित्र तिच्यात चुंबकीय खुणांच्या रूपाने दडलेले असते, आणि ते बोलके करणारे यंत्र एकच असते.

आता जपानकडे वळू. तेथील एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर अधिक रेखीव दूरचित्रवाणीचे संशोधन हाती घेतले. आपल्याकडे दूरचित्रवाणीचे चित्र ६२५ रेषांचे. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हाही, आणि १९८२ साली रंग आले तेव्हाही. जपान्यांनी ११२५ रेषांचे चित्र उभे केले. १९८४ साली सोनी कंपनीने त्यासाठी कॅमेऱ्यांपासून ध्वनिचित्रमुद्रण यंत्रांपर्यंतचा सारा संच बाजारात आणला. १९८९ पासून उपग्रहावरून त्याचे प्रायोगिक प्रक्षेपण होऊ लागले. हे प्रक्षेपण जुन्या अॅनालॉग रीतीने, बरे का! पुढे अमेरिकेने डिजिटलचा मार्ग धरला, जगही त्याच वाटेने गेले, आणि २००७ साली जपानने आपले हे प्रक्षेपण बंद केले.

या फिती मोलाच्या का, तर त्या काळचे इतर व्हिडिओ चित्रण आज धुरकट दिसते, आणि यांतली माणसे व रस्ते मात्र खिडकीतून पाहावे तसे दिसतात. फिती थोड्या, आणि त्या वाचणारी यंत्रे त्याहून थोडी. त्या काळच्या लेसर तबकड्यांवर तर चित्र ‘म्यूझ’ नावाच्या पद्धतीने आवळून बसविलेले असे. ते उलगडणारी पेटी वेगळीच लागते. सुटे भाग कुणी बनवीत नाही, म्हणून एका बंद यंत्राचे अवयव काढून दुसरे चालते ठेवायचे.

फितीचा दुसरा शत्रू तिचा स्वतःचा गुण: ती पुसून पुन्हा वापरता येते. माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९च्या क्षणाच्या मूळ फिती अशाच पुसून वापरल्या गेल्या असाव्यात, असे नासाने २००९ साली सांगितले. जगाने ते दृश्य पाहिले त्याहून मूळ चित्र अधिक स्पष्ट होते. काटकसरीची ही तऱ्हा मला तरी महागच वाटते.

तिसरा शत्रू दमट हवा, आणि त्याबाबत कोकणाला शिकवायला नको. फितीवरची लोहभस्माची भुकटी ज्या चिकट द्रव्याने धरलेली असते, तेच ओल शोषून सुटू लागते. फीत यंत्राला चिकटते, किंचाळते. अशा फिती मंद उष्णतेत काही तास शेकतात आणि मग एकदाच घाईने उतरवून घेतात. आमच्या घरी माळ्यावर धाकट्या भावाच्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट होती. सरसगडाखालच्या चार महिन्यांच्या पावसाने तिच्यावर पांढरी बुरशी धरली. व्हीएचएसची यंत्रे बनविणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ साली थांबली, त्यामुळे यंत्र शोधण्यातच महिना गेला. शेवटी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने फीत साफ करून अठ्ठावीस मिनिटे काढून दिली. चित्रात रेघा आहेत, रंग विटले आहेत. पण आजीचे मंगलाष्टक म्हणणे स्वच्छ ऐकू येते, आणि मधेच भटजींना घाई करू नका म्हणून तिने भरलेला दमही.