लाखोंचं घड्याळ निवडताना मनाचं ऐकावं का? ऐकावं, पण आधी हे तपासा!

कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे साधं डिजिटल घड्याळ महिन्याला फार तर ३० सेकंद मागे-पुढे होतं. आता लाखोंच्या स्विस घड्याळांकडे पाहा. स्वित्झर्लंडमधली कॉस्क ही संस्था अचूक मेकॅनिकल घड्याळांना प्रमाणपत्र देते. त्यासाठी दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढा फरक चालतो. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेलं महागडं घड्याळसुद्धा महिन्याभरात ३ मिनिटं पुढे जाऊ शकतं.

मग लोक ते का घेतात? वेळ बघायला नक्कीच नाही. म्हणूनच अशी दोन घड्याळं समोर असली, की “मनाला पटेल ते घ्या” हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. जे बोलतंय ते आपलंच मन आहे ना, हे आधी बघावं लागतं.

उपयोगाचा प्रश्न कधीच निकालात निघाला

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. त्यात सेलच्या विजेवर क्वार्ट्झचा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. पुढे हे तंत्रज्ञान स्वस्त होत गेलं आणि स्विस घड्याळ उद्योगात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

जे ब्रँड टिकले, ते अचूकतेच्या नव्हे, तर कारागिरी, रूप आणि इतिहास यांच्या जोरावर. त्यामुळे महागड्या घड्याळाची निवड मुळातच भावनेची असते.

दोन घड्याळं, दोन स्वभाव

रोलेक्सचं सबमरीनर आणि ओमेगाचं स्पीडमास्टर मूनवॉच हेच उदाहरण घ्या. सबमरीनर १९५३ मध्ये पाणबुड्यांसाठी तयार झालं. स्पीडमास्टर १९५७ मध्ये आलं, ते मोटारींच्या शर्यतीत वेळ मोजण्यासाठी. १९६५ मध्ये नासाने ते अंतराळवीरांसाठी पात्र ठरवलं आणि जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते मनगटावर बांधून चंद्रावर उतरले.

कागदावर तुलना केली, तर आजचं सबमरीनर ३०० मीटर खोलीचा दाब सहन करतं, हाताच्या हालचालीवर आपोआप चालतं आणि काढून ठेवलं तरी सुमारे ७० तास बंद पडत नाही. मूनवॉच ५० मीटरपर्यंतच. त्याला हाताने चावी द्यावी लागते आणि ती सुमारे ५० तास पुरते.

आकड्यांत सबमरीनर पुढे आहे. तरीही अनेकजण मूनवॉच निवडतात. रोज सकाळी चावी देणं एकाला कटकट वाटते, तर दुसऱ्याला सकाळच्या चहाइतकंच हवंहवंसं. हा फरक कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. इथे मनाचंच ऐकावं.

हा आवाज मनाचा की बाजाराचा?

पाटेक फिलिपच्या स्टीलमधल्या नॉटिलस ५७११ या मॉडेलचं उत्पादन थांबणार, ही बातमी २०२१ मध्ये आली. पुनर्विक्रीच्या बाजारात त्याची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट झाली. २०२२ मध्ये ती वेगाने खाली येऊ लागली. ज्यांना ते घड्याळ खरोखर आवडत होतं, त्यांच्या मनगटावर ते तसंच राहिलं. भाव आणखी चढेल म्हणून चढ्या भावात घेणाऱ्यांना मात्र फटका बसला.

शोरूममधली प्रतीक्षा यादीही असाच खेळ करते. सहज मिळत नाही, म्हणून वस्तू जास्त हवीशी वाटते. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा:

- तबकडीवरचं नाव झाकलं, तरी हे आवडेल का?
- विकताना निम्मीच किंमत येणार असेल, तरी घ्याल का?
- सोशल मीडियावर एकही फोटो टाकायचा नाही असं ठरलं, तर?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर आवड तुमचीच आहे.

मन भरलं तरी एवढं बघाच

*मनगट:* फक्त तबकडीची रुंदी बघू नका. पट्टा जोडायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाबाहेर जात असेल, तर घड्याळ बोजड दिसतं. फोटोवरून हे कळत नाही, घालूनच बघावं लागतं.

*सर्व्हिसिंग:* मेकॅनिकल घड्याळ साधारण पाच ते दहा वर्षांनी उघडून साफ करावं लागतं आणि त्याला नवं तेल द्यावं लागतं. हा खर्च विकत घेण्याआधीच विचारा.

*कर:* २२ एप्रिल २०२५ पासून भारतात १० लाखांहून महाग मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. विवरणपत्र भरताना ही रक्कम करातून वळती करता येते.

*जुनं घड्याळ:* बिल, मूळ कागदपत्रं आणि घड्याळावरचा क्रमांक जुळतो का, हे तपासा. शक्यतो जाणकार घड्याळजीकडून ते उघडून बघा.

आणि तरीही ठरत नसेल तर?

जेजर-लकूल्त्रचं रिव्हर्सो १९३१ मध्ये आलं. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळाची काच फुटू नये, म्हणून ते उलटं फिरवता येईल असं बनवलं गेलं. आज ते घालणारे बहुतेकजण पोलोच्या वाटेलाही जात नाहीत. त्याच्या कोऱ्या पाठीवर कुणी नाव कोरून घेतं, कुणी लग्नाची तारीख.

आपल्याकडे १९६१ पासून बंगळुरूत तयार झालेल्या एचएमटी घड्याळांचंही तसंच. त्यांना स्विस घड्याळांची किंमत कधीच आली नाही. तरी पहिल्या पगारातून घेतलेलं किंवा वडिलांनी वापरलेलं एचएमटी अनेक घरांत अजून कपाटात जपून ठेवलेलं असतं.

त्यामुळे दोन्ही घड्याळं हातात घालून बघा आणि महिनाभर थांबा. महिन्यानंतरही ज्याची आठवण येत राहील, ते तुमचं. दोन्हींपैकी एकाचीही आठवण आली नाही, तर पैसे वाचले. मनाने दिलेलं तेही उत्तरच आहे.