मागच्याचा ठसा

एका शाळेत मुलांबरोबर आम्ही आर्डुइनोचा प्रयोग करत होतो. एका पिनेवर प्रकाशासाठी एलडीआर, शेजारच्या पिनेवर तापमानासाठी थर्मिस्टर. एलडीआरवर हात धरला की प्रकाशाचा आकडा उतरे. पण त्याबरोबर तापमानाचा आकडाही उतरू लागला! ‘सेन्सर खराब आहे,’ असा निकाल मुलांनी देऊन टाकला. थर्मिस्टर बदलला, तरी तेच. शेवटी सापडले ते एवढेच, की थर्मिस्टरकडून पिनेकडे येणारी वायर निसटली होती. म्हणजे पिनेला काहीच जोडलेले नव्हते. मग आकडा येत होता कुठून?

हे कोडे आपल्याला नवे वाटते, पण त्याचे मूळ तारायंत्राच्या काळात आहे.

ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी केबल अटलांटिकच्या तळातून टाकून झाली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश त्यातून जायला सुमारे १६ तास लागले. असे का व्हावे? मध्ये तांब्याची तार, भोवती गटापर्चाचे आवरण आणि बाहेर समुद्राचे पाणी. ही रचना म्हणजे एक भलामोठा कपॅसिटरच, विद्युतभार साठवून ठेवणारा. पाठवलेल्या खुणेचा भार ओसरण्याआधीच पुढची खूण आली, की दोन्ही एकमेकींत मिसळत. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी गणिताने दाखवले होते, की अशा केबलची लांबी दुप्पट केली तर संदेशाला लागणारा वेळ चौपट होतो. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे पटले नाही. त्यांनी जोर वाढवला, सुमारे २००० व्होल्टपर्यंत. आधीच सदोष असलेली ती केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. थॉमसन यांचा मार्ग वेगळा होता: दाब कमी ठेवायचा आणि अगदी क्षीण प्रवाहही टिपणारे आरशाचे गॅल्व्हॅनोमीटर वापरायचे. १८६६ साली अटलांटिकपार टिकाऊ संपर्क सुरू झाला, तेव्हा हीच दिशा उपयोगी पडली.

तार महाग, मग ती एकाच संदेशासाठी का अडवून ठेवायची? फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. त्यातला फिरता ब्रश एकाच तारेला क्रमाने वेगवेगळ्या कारकुनांशी जोडत असे. प्रत्येकाची पाळी क्षणभराची. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीच्या टी-१ पद्धतीत २४ संभाषणांचे नमुने प्रत्येकी सेकंदाला ८००० वेळा घेतले जाऊ लागले. म्हणजे एका नमुन्याच्या वाट्याला जेमतेम पाच मायक्रोसेकंद! मार्ग सामायिक झाला, तशी जुनी अडचण नव्या रूपात आली. आता मागे उरणारा ठसा दुसऱ्याच कोणाच्या तरी बोलण्याचा असणार.

आर्डुइनो उनोमध्ये हेच घडते. व्होल्टेजचा आकडा करणारा परिवर्तक एकच असतो, आणि सहा पिना त्याला पाळीपाळीने जोडल्या जातात. निवडलेल्या पिनेवरून आत सुमारे १४ पिकोफॅरडचा एक इवलासा कपॅसिटर भरतो आणि त्याचे मोजमाप होते. पीन मोकळी असेल तर त्याला भरणारे कोणी नाही आणि रिकामे करणारेही नाही. आधीच्या पिनेचे व्होल्टेज तसेच राहते. आमचे ‘तापमान’ म्हणजे प्रकाशाचाच ठसा होता. वायर नीट जोडलेली असूनही सेन्सरचा रोध फार मोठा असेल, तर कपॅसिटर दिलेल्या वेळात पुरता भरत नाही. म्हणून चिप बनवणारे सांगतात, की हा रोध साधारण १०,००० ओहमच्या आत ठेवा.

असा संशय आला तर सेन्सर बदलण्यापूर्वी पिना वाचण्याचा क्रम बदलून पाहावा. चुकीचा आकडा आता दुसऱ्याच पिनेच्या मागे जाऊ लागला, तर दोष सेन्सरचा नाही, मागे उरलेल्या भाराचा आहे. मग वायर तपासावी. वायर ठीक असेल, तर पहिले वाचन सोडून देऊन दुसरे घ्यावे, किंवा पिनेपाशी जमिनीला जोडलेला छोटा कपॅसिटर लावावा.

आमच्या वहीत त्या दिवशी तापमानाचे आठ आकडे लिहून झाले होते. सगळे दिसायला अगदी पटण्यासारखे. एलडीआरवर कोणी हात धरलाच नसता, तर ते तसेच खरे मानले गेले असते. म्हणून पुढच्या प्रयोगात मुलांना आधी एक पीन मुद्दाम मोकळी ठेवून वाचायला सांगा. काहीही न जोडता काय आकडा येतो, हे एकदा पाहिले की बाकीच्या आकड्यांकडे ती जरा सावधपणे पाहतील.