वॉशिंग्टनचा एक दिवस : तीन पिढ्या, दोन संग्रहालये

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे काही महिन्यांसाठी गेलेले आई-वडील पूर्व किनाऱ्यावर मुक्कामास असतील, तर एखाद्या शनिवारी राजधानी वॉशिंग्टन पाहण्याचा बेत हमखास ठरतो. मोटारीत तीन पिढ्या असतात. नातवंडांना डायनोसॉर आणि विमाने पाहायची असतात, आजोबांना लिंकनचे स्मारक. आजींना मात्र धावपळ न करता जे दिसेल ते निवांत न्याहाळायचे असते. या शहरातील बहुतेक महत्त्वाच्या ठिकाणी प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे हिशेब पैशांचा नव्हे, तर पायांचा मांडावा लागतो. तो चुकला, की भर दुपारी मुले रडकुंडीला येतात, ज्येष्ठांचे गुडघे बोलू लागतात आणि पाहिलेले काहीच मनात उरत नाही.

मॉल नावाची हिरवळ

येथे ‘नॅशनल मॉल’ म्हणजे दुकानांची इमारत नव्हे. संसदेची वास्तू असलेल्या कॅपिटॉलपासून लिंकन स्मारकापर्यंत पसरलेला हा विस्तीर्ण हिरवा पट्टा आहे. त्याची लांबी सुमारे तीन किलोमीटर. मध्यावर वॉशिंग्टन स्मारकाचा ५५५ फुटी शुभ्र स्तंभ उभा आहे. कॅपिटॉल आणि स्तंभ यांच्यामधील भागात दोन्ही बाजूंना संग्रहालयांची रांग आहे, तर स्तंभापलीकडे स्मारके आहेत. नकाशावर सारे जवळजवळ भासते. चालू लागल्यावर अंतर कळते. म्हणूनच एका दिवसात दोन संग्रहालये आणि एक स्मारक एवढाच संकल्प करावा. मेट्रोने येणाऱ्यांसाठी ‘स्मिथसोनियन’ हे स्थानक मॉलवरच आहे.

न पाहिलेल्या देशाला दान

येथील बहुतेक संग्रहालये ज्या स्मिथसोनियन संस्थेच्या छत्राखाली आहेत, तिची कथा मुलांना आदल्या रात्रीच सांगावी. जेम्स स्मिथसन हा इंग्रज शास्त्रज्ञ १८२९ मध्ये निधन पावला. आपल्या पुतण्याला वारस न राहिल्यास सर्व संपत्ती अमेरिकेला मिळावी आणि तिच्यातून ज्ञानाची वृद्धी व प्रसार करणारी संस्था वॉशिंग्टनमध्ये उभी राहावी, असे त्याने मृत्युपत्रात नमूद केले होते. विशेष म्हणजे त्याने अमेरिका कधीच पाहिली नव्हती. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक वारला. एक लाखाहून अधिक सुवर्णमुद्रा जहाजाने अमेरिकेत आल्या आणि बऱ्याच वादविवादानंतर १८४६ मध्ये संस्था स्थापन झाली.

सकाळ : हत्ती, डायनोसॉर आणि हिरा

संग्रहालये साधारणतः सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाचपर्यंत उघडी असतात. आरंभ निसर्गेतिहास संग्रहालयाने करावा. प्रवेशदालनातील भव्य आफ्रिकी हत्ती १९५९ पासून पाहुण्यांचे स्वागत करीत आहे. २०१९ मध्ये नव्याने खुल्या झालेल्या जीवाश्म दालनात टायरॅनोसॉरस आपल्या भक्ष्यावर तुटून पडलेला दिसतो. मुले येथून सहजासहजी हलत नाहीत आणि त्यांना हलवूही नये.

ज्येष्ठांसाठी वरच्या मजल्यावर ‘होप’ हा ४५.५२ कॅरटचा निळा हिरा आहे. तो ज्या मूळ हिऱ्यातून घडवला गेला, तो फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात भारतातून नेला. गोवळकोंडा परिसरातील कोल्लूरच्या खाणीतून तो निघाला असावा, असे मानले जाते. पुढे तो फ्रान्सच्या राजाकडे गेला, १७९२ मध्ये चोरीस गेला आणि पैलू पाडून, रूप पालटून पुन्हा प्रकटला. १९५८ मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो संग्रहालयाला दिला, तोही चक्क रजिस्टर टपालाने पाठवून! दख्खनच्या मातीतला हा खडा किती हातांतून फिरला, हे सांगण्याचे काम आजी-आजोबांकडे द्यावे.

दुपार : बारा सेकंदांचे उड्डाण

जेवणानंतर मॉल ओलांडून हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे जावे. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ रोजी आकाशात झेपावलेले मूळ विमान येथे आहे. त्याचे पहिले उड्डाण अवघे बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याच वास्तूत ‘अपोलो ११’चे ‘कोलंबिया’ हे यानही आहे. १९६९ मध्ये चंद्रावरून परतणारे तिघे त्यातूनच पृथ्वीवर उतरले. या दोन वस्तूंमध्ये केवळ ६६ वर्षांचे अंतर आहे. चांद्रविजयाची बातमी तरुणपणी रेडिओवर ऐकलेल्या आजोबांना नातवासह येथे उभे राहू द्यावे. या दोन दालनांनंतर थांबले तरी चालते.

सायंकाळ : लिंकनच्या पायऱ्या

येथून लिंकन स्मारकापर्यंत चालत न जाता टॅक्सी करावी. १९२२ मध्ये लोकार्पण झालेल्या या स्मारकाचे ३६ स्तंभ लिंकनच्या मृत्यूसमयीच्या ३६ राज्यांचे प्रतीक आहेत. आतील बैठा पुतळा १९ फूट उंच आहे. याच पायऱ्यांवरून २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी समतेच्या स्वप्नाचे भाषण केले. ज्यांना चढणे जमणार नाही, त्यांनी खालूनच दर्शन घ्यावे. दिवे लागल्यावर पुतळा दुरूनही उजळलेला दिसतो.

हे ध्यानात असावे

* हवाई व अंतराळ संग्रहालय २०२२ मध्ये अंशतः पुन्हा खुले झाले, तेव्हापासून तेथे ठरावीक वेळेचे विनामूल्य प्रवेशपत्र आधी घेण्याची पद्धत सुरू झाली. निघण्यापूर्वी संकेतस्थळावर खात्री करावी.
* संग्रहालये २५ डिसेंबरला बंद असतात. केंद्र सरकारचा निधी अडल्यासही ती बंद पडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तसे घडले होते.
* चाकाची खुर्ची संग्रहालयांत विनामूल्य मिळते. ती मागण्यात संकोच करू नये.
* स्मारकांना जोडणारी ‘सर्क्युलेटर’ बससेवा २०२४ अखेर बंद झाली. जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबू नये.
* प्रवेशद्वारी झडती असते. सामान कमी ठेवावे. उन्हाळा दमट असतो, म्हणून उघड्यावरील भाग सायंकाळसाठी राखावा.

तिकीट काढले, की पैसे वसूल करण्यासाठी प्रत्येक दालन पालथे घालण्याचा मोह होतो. येथे तो मोह नाही. एकाच वस्तूसमोर अर्धा तास बसून राहणाऱ्याचे काहीही वाया जात नाही, आणि जे राहिले ते पुढील खेपेसाठी तसेच विनामूल्य असते. स्मिथसनच्या दानाने सामान्य कुटुंबाला दिलेली खरी सवलत हीच आहे.